अफजलखान आपला कोण लागतो?

थोरली चौथीत आहे. महाराष्ट्रात चौथीच्या वर्गात इतिहासात काय शिकवतात हे वाचकांना सांगायला नको. मी त्याच धड्यांवर वाढलो, माझे वडीलही. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी एका संध्याकाळी तिनं दप्तर टेकवलं, पाणीसुद्धा न पिता माझ्याजवळ आली आणि विचारलं, "अब्बा, अफजलखान अपना कौन लगता?"

घरी आम्ही दखनी बोलतो. मावशी कोण लागते, फूफी कोण लागते, चुलतभाऊ आणि मामेभाऊ यांत फरक काय, हे सगळं तिला नुकतंच नीट कळायला लागलं होतं. त्याच चालीवर तिनं हा प्रश्न विचारला होता. झालं असं होतं की मधल्या सुट्टीत पोरं प्रतापगड खेळत होती. महाराज व्हायला सगळे तयार, मावळे व्हायलाही सगळे तयार, खान व्हायला कुणीच तयार नाही. मग एकजण म्हणाला, "हिला करा ना, तो हिच्याकडचाच आहे." त्यात दुष्टपणा नव्हता. खेळ अडला होता आणि त्या पोरानं तोडगा काढला होता, इतकंच. थोरली रडतही नव्हती. तिला फक्त नातं विचारायचं होतं.

मी म्हटलं, "काही लागत नाही." ती म्हणाली, "मग तो तसं का बोलला?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्याच धड्याच्या त्याच पानावर वर्गातल्या चार-पाच माना माझ्याकडं वळल्या होत्या, आणि मी बाकावरची खाचखळगी मोजत बसलो होतो. मी घरी येऊन कुणाला विचारलं नाही. हिनं विचारलं. तेवढी ही माझ्यापेक्षा धीट.

आम्ही राहतो सोलापुरात. विजापूर इथून शंभरेक किलोमीटर. मी तिथं कितीतरी वेळा गेलोय. लग्नाला, मयतीला, एकदा तर नुसतं ज्वारीच्या बियाण्यासाठी. मुलं मात्र कधी गेली नव्हती. बायकोला म्हटलं, सवाल तिकडून आलाय, तर पोरांना घेऊन तिकडंच जाऊ. तिनं विचारलं, "सवाल पोरीचा आहे की तुमचा?" आणि डब्याच्या तयारीला लागली. कडक भाकरी, शेंगाचटणी, उकडलेली अंडी.

पहाटेच्या गाडीनं निघालो. धाकटा दुसरीत आहे. त्याला राजेरजवाडे नकोत, तोफ पाहिजे होती. होटगी गेल्यावर दोघांना झोप येईना, म्हणून मी त्यांना सोलापूरच्या हुंड्याची गोष्ट सांगितली. सोलापूरकरांनाही ती फारशी माहीत नसते. विजापूरला आदिलशाही, अहमदनगरला निजामशाही, आणि मधे आमचं सोलापूर. 1524 साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न सोलापुरातच लागलं. मुलीबरोबर सोलापूरचा किल्ला देऊ असं बोलणं झालं होतं म्हणे. लग्न लागलं, मुलगी गेली, किल्ला काही दिला नाही. त्यावरून दोन्ही घराण्यांत पुढं चाळीसेक वर्षं लढाया चालल्या. मग उलटं झालं. अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर देऊन टाकलं. ती मुलगी म्हणजे चांदबीबी.

"म्हणजे आपलं गाव दोनदा हुंड्यात?" थोरली.

"एकदा बुडालेल्या हुंड्यात, एकदा दिलेल्या."

धाकट्यानं विचारलं, किल्ल्यातली माणसं पण दिली का? ह्याचं उत्तरही मला धड देता आलं नाही. दिलीच म्हणायची.

ह्यातली अजून एक गोष्ट मी थोरलीला मुद्दाम सांगितली. ज्या मरियमचं लग्न सोलापुरात लागलं तिची आई मराठा होती. आदिलशाहीचा संस्थापक युसूफ आदिलशहा यानं मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी लग्न केलं होतं. तिचं नाव पुढं बुबूजी खानम झालं. विजापूरचा दुसरा सुलतान इस्माईल तिचाच मुलगा. हे फरिश्ता लिहितो, आणि फरिश्ता ह्याच दरबारात बसून इतिहास लिहीत होता. पलीकडं निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण घरातला. हे वाचलं की नात्यांचा तक्ता काढायला घ्यावा आणि कागद अपुरा पडावा, अशी गत होते. थोरली बोटं मोजत राहिली: "म्हणजे मुकुंदराव इस्माईलचा मामू." बरोबर, मामूच.

उजाडताना गाडीतून गोल घुमट दिसला. शेतांच्या वर, गाव दिसायच्या आधी, नुसता घुमट. धाकटा म्हणाला, "अब्बा, वो देखो, पानी की टाकी."

घुमटावर सकाळी लवकर जावं. उशीर केला की वरच्या सज्जात शंभर माणसं एकदम ओरडत असतात आणि घुमटाचा भोंगा होतो. आम्ही गेलो तेव्हा दहा-बाराच जण होते. कोपऱ्यांवरच्या सात मजली मनोऱ्यांतून जिने वर जातात. चिंचोळे, उंच पायऱ्यांचे. चौथ्या मजल्यावर धाकट्याला लघवी लागली. पुन्हा खाली, पुन्हा वर. मुलांबरोबर इतिहास बघायचा म्हणजे असाच.

वर त्या सज्जात मी थोरलीला एका बाजूला भिंतीशी उभं केलं आणि स्वतः बरोबर समोर गेलो. मधे अडतीसेक मीटरचं अंतर, खाली खोल दरी. तिनं भिंतीला तोंड लावून काहीतरी कुजबुजलं आणि ते माझ्या कानाजवळ आलं, जणू ती खांद्यावर बसून बोलतेय: "अब्बा, भूक लगी." मोहंमद आदिलशहाच्या कारागिरांनी तीन मीटर जाडीच्या भिंती आणि एकही खांब नसलेलं छत बांधलं, ते साडेतीनशे वर्षांनंतर चौथीच्या पोरीला भूक लागली हे सांगायला उपयोगी पडलं.

हा एवढा घुमट चौकोनी खोलीवर बसवला कसा, हे तिला खाली आल्यावर दोन रुमालांनी दाखवलं. एक चौकोनी रुमाल पसरायचा, त्याच्यावर दुसरा तिरका ठेवायचा. आठ टोकं होतात, आणि मधे जवळजवळ गोल जागा उरते. गोल घुमटाच्या कमानी अशाच एकमेकींना छेदत जातात आणि चौकोनाचा गोल करतात. बांधणारा म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगतात. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदर, तेव्हा आदिलशाहीच्या ताब्यात होतं. कोकणातल्या माझ्या वाचकांनी हे नाव जरा जपून ठेवावं. ताजमहालाच्या कारागिरांबद्दल आपण इतकं बोलतो, आणि दाभोळच्या याकूतला दाभोळातही कुणी ओळखत नाही.

चौथऱ्यावर मोहंमद आदिलशहा आहे, त्याच्या बेगमा आहेत, मुलगी आणि नातू आहे, आणि रंभा आहे. खऱ्या कबरी तळघरात. थोरलीनं रंभा हे नाव दोनदा वाचून घेतलं.

तिथून जामा मशीद. ही पहिल्या अली आदिलशहाची, चांदबीबीच्या नवऱ्याची. तालीकोटची लढाई 1565 मध्ये झाली, तीत विजयनगर हरलं. विजापूरची तटबंदी त्याच सुमाराची, आणि ही मशीदही त्याच लढाईनंतर हातात आलेल्या पैशाची म्हणतात. विजयनगरची लूट हा शब्द मी मुलीसमोर टाळला नाही. मशिदीच्या फरशीवर काळ्या रेघांनी एकेका नमाज्याची जागा आखली आहे, सव्वादोन हजारांच्या वर. धाकट्यानं आपली जागा ठरवून टाकली आणि तिथून हलेना. ह्या चौकटी औरंगजेबानं आखून घेतल्या. आधी इथं मखमली जाजमं होती, ती त्यानं उचलून नेली आणि बदल्यात चौकटी दिल्या, असं विजापूरकर अजून सांगतात. सांगताना आवाजात राग असतो, जणू जाजमं परवा गेली.

इथं थोडं बसलो. सावली होती, गार होतं. औरंगजेबाचं नाव निघालंच होतं, म्हणून मी थोरलीला 1686 ची गोष्ट सांगितली. आपल्याकडं औरंगजेब म्हटलं की दोनच बाजू असतात. एक मुसलमान, एक मराठे. पण ह्या मशिदीत नमाज पढणाऱ्या लोकांवर तोफा कुणी डागल्या? औरंगजेबानं. वर्षाहून अधिक काळ त्यानं विजापूरला वेढा घातला होता. शहरातले उलेमा त्याच्या छावणीत गेले आणि विचारलं, आम्ही कलमा पढणारे, आमच्यावर कसलं युद्ध? आणि विजापूरच्या मदतीला फौज कुणी धाडली? संभाजी महाराजांनी. विजापूरनं संभाजीला साथ दिली ही तर औरंगजेबाची तक्रारच होती. शेवटी सप्टेंबरात शहर पडलं, अठरा वर्षांचा सिकंदर आदिलशहा कैद झाला आणि जवळपास दोनशे वर्षांचं राज्य संपलं. त्यानंतर विजापूर पुन्हा कधी उभं राहिलं नाही. आज आपण ज्या भिंती बघतो त्या मराठ्यांनी पाडल्या असतील असं माझ्या ओळखीच्या अनेकांना वाटतं. विचारणारे हिंदूही असतात, मुसलमानही.

बायको म्हणाली, "पोरीला सन सांगू नका, गोष्ट सांगा." मी दोन्ही सांगतो. ते माझं व्यसन आहे.

डबा खाल्ला, वर विजापुरी पेरू. मग एक वयस्कर रिक्षावाले चाचा दिवसभरासाठी ठरवले. अर्ककिल्ल्यातलं बरंचसं पटापट उरकलं. ऊन चढत होतं आणि मुलांना पडके महाल सगळे सारखेच दिसतात, त्यात त्यांची चूक नाही. दोन ठिकाणी मात्र थांबलो.

एक, करीमुद्दीनची जुनी मशीद. ही आदिलशाहीच्या आधीची, 1320 सालची. तिचे खांब देवळांचे आहेत. कोरीवकाम ओळखू येतं, लपत नाही. थोरलीनं विचारलं, "हे देऊळ होतं का?" मी म्हटलं, देवळांचे खांब आणून लावलेत. "का?" जिंकणाऱ्यांनी आणले. ती गप्प झाली. मीही पुढं काही जोडलं नाही. जोडायला वाक्यं तयार असतात आपल्याकडं, तेव्हा सगळेच तसं करत होते वगैरे. ती खरीही असतात. पण त्या खांबाला हात लावून उभ्या असलेल्या पोरीला ती ऐकवावीत असं मला वाटलं नाही.

दुसरं, खंदकाशेजारचं नरसोबाचं देवस्थान. दुसरा इब्राहिम आदिलशहा इथं भक्तीनं यायचा असं सांगतात. ती आख्यायिका असेल. पण इब्राहिमचं बाकीचं काही आख्यायिका नाही. किताब-ए-नौरस हे त्याचं पुस्तक आहे. रागांत बांधलेली एकोणसाठ गीतं आणि सतरा दोहरे, आमच्या घरच्या दखनीच्या पणजीच्या भाषेत. त्यात सरस्वती आहे, गणपती आहे, आणि गुलबर्ग्याचे बंदेनवाज गेसूदराजही आहेत. त्याच्या तंबोऱ्याला त्यानं मोतीखान नाव दिलं होतं. लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. विजापूरच्या पश्चिमेला त्यानं 1599 साली नवरसपूर नावाचं नवं शहरच वसवायला घेतलं, आणि ते उद्ध्वस्त केलं अहमदनगरच्या मलिक अंबरनं, 1624 मध्ये. पुन्हा तेच. कोण कुणाचं शहर जाळतंय ह्याचा धर्माशी मेळ घालायला गेलं की हिशेब चुकतो.

हिशेबावरून आठवलं. खुद्द त्याचा आजोबा, पहिला इब्राहिम. त्यानं सरकारी जमाखर्च फारशीतून काढून इथल्या भाषेत ठेवायला सुरुवात केली आणि तो ब्राह्मण कारकुनांकडं सोपवला. आदिलशाहीची फारशी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतली फर्मानं आजही दप्तरांत आहेत. मी थोरलीला म्हटलं, शाळेत काय घेऊन जातेस? दप्तर. ते फारशी. कागद, शाई, तारीख, हजेरी, सगळं तिकडून आलेलं. आणि घरी अम्मीनं भात वाढायला घेतला की काय म्हणतेस? "नक्को." ते मराठीतून आपल्याकडं आलेलं. पुढचा तासभर दोघं भावंडं रिक्षातून दिसेल त्या पाटीवर तिकडचा शब्द, इकडचा शब्द करत होती. पाट्या कन्नडमध्ये होत्या, ती अडचण त्यांनी मनावर घेतली नाही.

बारा कमान बघायला गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. दुसऱ्या अली आदिलशहाचा हा अर्धवट राहिलेला मकबरा. नुसत्या काळ्या कमानी, वर आकाश. मी ठरवलं होतं की ती गोष्ट इथंच सांगायची, कारण ती ह्याच्याच काळातली. अली 1656 मध्ये तख्तावर बसला तेव्हा विशीतही नव्हता. कारभार बडी साहेबाच्या हातात. 1659 मध्ये अफजलखानाला फौज देऊन धाडलं ते इथून.

मी म्हटलं, ऐक. खानाच्या फौजेत मराठे सरदारही होते. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचा वकील पंताजी गोपीनाथ. भेटीला जाताना महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत एक सिद्दी इब्राहिम होता. वाटेत खानानं तुळजापूरला, पंढरपूरला उपद्रव दिला असं बखरींत आहे. ते तुमच्या पुस्तकातही आहे, ते मी पुसणार नाही. आणि त्या वेळी शिवाजी महाराजांचे वडील कुठं होते, सांग?

तिला माहीत नव्हतं. धड्यात शहाजीराजे येतात आणि मग कर्नाटकात जातात, पुढं त्यांचं काय होतं ते मुलांच्या लक्षात राहत नाही.

शहाजीराजे विजापूरचे सरदार होते. 1636 साली निजामशाही संपली तेव्हा ते इकडं आले. रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात गेले, बंगळूरची जहागीर मिळाली. त्यांचं नावच शाह शरीफ ह्या अहमदनगरच्या पिरावरून ठेवलेलं. भावाचं नाव शरीफजी. 1648 मध्ये जिंजीजवळ त्यांना विजापूरच्याच सरदारांनी कैद करून इथं आणलं, त्यात बाजी घोरपडे पुढं होता. सुटले, पुन्हा चाकरीत राहिले. खान प्रतापगडाकडं निघाला तेव्हाही शहाजीराजे त्याच आदिलशहाच्या पदरी होते, आणि 1664 मध्ये गेले तेव्हाही.

थोरली बराच वेळ कमानीच्या दगडावर बसून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वडील आणि खान एकाच ऑफिसात?"

मी हसलो, पण ह्यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

"मग खान शहाजीराजांचा जास्त कोणतरी लागतो. आपला नाही."

धाकटा आता तोफेसाठी रडायच्या बेतात होता, म्हणून उठलो. मलिक-ए-मैदान पश्चिमेच्या बुरुजावर आहे. 1549 साली अहमदनगरला रूमी कारागिरानं ओतलेली, पंचावन्न टनांची. तोंड सिंहासारखं, जबड्यात हत्ती. ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये मुरारपंतानं बैल आणि हत्ती जुंपून विजापूरला ओढून आणली. हा मुरार जगदेव आदिलशाहीचा ब्राह्मण सेनानी. पुण्याची राखरांगोळी करून गाढवाचा नांगर फिरवला तो ह्याच्याच फौजेनं. थोरलीनं पुणं जाळणारा कोण, एवढं विचारून वहीत नाव लिहून घेतलं. वहीचा बेत मला तेव्हा कळला नाही. धाकट्याला तोफेची दुसरीच गोष्ट आवडली: 1854 मध्ये इंग्रजांनी ती भंगारात लिलावाला काढली होती आणि बोली दीडशे रुपयांवर अडली. इतकी कमी म्हणून विक्री रद्द झाली. "अब्बा, दीडशे तुमच्याकडं आहेत ना?" त्यानं खिसा तपासला.

इब्राहिम रोजा तिथून जवळच. एका चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मधे हौद. बायकोला ही जागा सगळ्यांत आवडली, मलाही आवडते. गोल घुमट मोठा आहे, हा नाजूक आहे. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे नुसती अरबी अक्षरं. अक्षरांच्या मधून उजेड आत येतो. इब्राहिमनं हा बांधायला घेतला बेगम ताज सुलतानासाठी, आणि 1627 मध्ये आधी तोच जाऊन झोपला. दोघं आत शेजारी आहेत. मलिक संदल हा बांधणारा. आम्ही अस्रची नमाज तिथंच पढलो. मुलं हौदाच्या पायऱ्यांवर शिवणापाणी खेळली.

परत निघायच्या वेळी चाचांनी विचारलं, "साठ कबर देखने का? अफजलखान की बेगमों की."

मी नको म्हणणार होतो. जागा गावाबाहेर, शेतांत, रस्ता खराब, गाडीची वेळ जवळ. आणि ती गोष्ट मुलांना सांगण्यासारखी नाही. पण थोरलीनं नाव ऐकलं होतं. ती म्हणाली, "तिथंच तर जायचंय ना आपल्याला."

गेलो. काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर ओळीनं कबरी, साठाच्या वर, सगळ्या एकाच मापाच्या, वरून सपाट. सपाट म्हणजे बायकांच्या. आजूबाजूला झुडपं, लांब कुठंतरी ट्रॅक्टरचा आवाज. दंतकथा अशी की ज्योतिष्यानं खानाला सांगितलं, ह्या मोहिमेवरून तू परत येणार नाहीस. आपल्यामागं ह्या दुसऱ्या कुणाच्या होऊ नयेत म्हणून त्यानं निघण्याआधी सगळ्यांना मारलं. काही जण म्हणतात, हे नुसतं घराण्याचं कबरस्तान, वर्षानुवर्षं भरत गेलेलं. मला दुसरं पटतं. इतक्या बायका एका दिवसात मारल्या असत्या तर त्या काळातल्या एखाद्या तवारिखीत ओळ तरी आली असती. पण तिथं उभं राहिल्यावर पटलेलं फार टिकत नाही. कबरी फारच सारख्या आहेत.

थोरलीला मी दोन्ही सांगितलं. थोडं मऊ करून, पण सांगितलं. ती ओळीतून चालत गेली, प्रत्येक दगडाकडं बघत. परत आली आणि विचारलं, "नावं कुठं लिहिलीत?"

"नाहीत."

"एकीचं पण नाही?"

बायकोनं पदर डोक्यावर घेतला आणि फातेहा पढायला हात उचलले. मी उचलले. धाकट्यानं बघून उचलले. थोरलीनं मात्र हात अर्धे वर नेऊन मला हळूच विचारलं, "अब्बा, ये अपने कौन लगते?"

ह्या वेळी मी 'काही लागत नाहीत' असं म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. फातेहा झाल्यावर ती पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून चालत गेली आणि मोजून आली. किती निघाल्या ते तिनं वहीत लिहिलं, मला दाखवलं नाही.

चाचांनी घाई केली म्हणून गाडी मिळाली. सुट्टीनंतर शाळेत 'मी पाहिलेले ठिकाण' असा निबंध होता, हे तेव्हा कळलं. वही त्यासाठी होती. तिनं काय लिहिलं ते मी अजून वाचलेलं नाही. निबंध परत आला तेव्हा खाली 'छान, पण ठिकाण एकच निवडावे' एवढा शेरा होता.

गाडीत धाकटा लगेच झोपेल असं वाटलं होतं. तो इंडी रोडपर्यंत जागा होता, खिडकीबाहेर काळोखात बघत. होटगी आलं तेव्हा त्यानं मला हलवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "अब्बा, आपा की शादी में अपन सोलापूर देंगे क्या?"

थोरली डोळे मिटून होती, तिथूनच म्हणाली, "नक्को. तोफ दे बोल."